पान अकरा, चौकट तीन

कैवल्यच्या स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं :
नारायण पेठेतली गल्ली. जुनी.
जुनी म्हणजे किती, विचारलं
तर म्हणाला, एकसष्ट. पुराच्या आधीची. तू बघ ना.

मग मी बघत सुटले.

सिटी सर्व्हेच्या नकाशात गल्लीची रुंदी मिळाली,
सव्वानऊ फूट, नदीकडे उतरताना जरा कमी.
वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींत
त्या महिन्याचा साखरेचा भाव, हरवलेल्या छत्रीची जाहिरात,
आणि पुलावर दिवे कुठल्या बाजूला होते
याबद्दल तीन आजोबांची चार मतं.
सायकलच्या दुकानाची पाटी काढायची
तर तिच्यावरचा ल पाकळीचा की दांडीचा,
यात दोन दिवस गेले.
कैवल्य फोनवर हसला :
अगं, बोटभर चौकट आहे ती.

गल्लीचा फोटो कुणी काढत नाही.
काढतात मिरवणुकीचा, मुंजीचा, नव्या स्कूटरचा.
गल्ली मागे राहते, चुकून आल्यासारखी, फोकसबाहेर.
तेव्हापासून मी लोकांचे अल्बम असे बघते :
नवरीच्या खांद्यावरून, बटूच्या कानाजवळून,
टोपी आणि फेटा यांच्या मधल्या फटीतून
एखादा कोनाडा, गजांची खिडकी, वायरीचं भेंडोळं
मिळतंय का.

गोखलेनगरला, पूरग्रस्तांच्या वसाहतीत,
शशिकलाबाई हर्डीकरांनी बिस्किटांचा डबा उघडला.
डब्यात एकच फोटो.
"मामाकडे साताऱ्याला पाठवला होता, म्हणून राहिला."
पण नेमका त्याच गल्लीतला. भर उन्हातला.
मी भिंग काढलं.
नळकोंडाळं! बिडाचा नळ, पितळी तोटी,
खाली घागरींनी खोलगट झालेला दगड.

"हा मोरेश्वर," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ."
मी म्हटलं, हो का,
आणि विचारलं, तोटी फिरवायची होती की दाबायची?
"दाबायची. त्यानंच एकदा..."
मी वहीत लिहिलं : दाबायची.
पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला
त्यांनी पंजा डोक्याच्या वर नेला, पुरेना,
स्टुलाकडे बघितलं,
मग हात खालीच घेतला.
"यानंतरचा त्याचा फोटो नाही."
मी चहा प्यायले. फोटोचा फोटो घेतला.

घरी येऊन गल्ली काढली.
पाटी काढली, उतार काढला, नळ काढला,
आणि मध्ये माणूसभर जागा कोरी राहिली.
तिथे काय होतं, कुणालाच ठाऊक नाही.
दार असेल. नाहीतर भिंतच पुढे चालू असेल.
नकाशा गप्प, फायली गप्प,
तिन्ही आजोबा पहिल्यांदाच गप्प.
कारण तिथे तो उभा होता.

इतके दिवस ज्याला मनातल्या मनात
जरा सरक रे बाबा म्हणत होते
त्याला काढायला मला आख्खी रात्र लागली.
एक हात नळावर, दुसरा कमरेवर,
पायजमा घोट्याच्या चार बोटं वर.

सकाळी कैवल्यनं त्याच्यावर संवादाचा फुगा ठेवला.
नायकाला तिथे बरंच बोलायचं होतं.
मोरेश्वर गुडघ्यापासून खाली उरला.
मी भांडले.
फुगा अर्धा सेंटीमीटर सरकला.

छापून आलेलं पान घेऊन परत गोखलेनगरला गेले.
शशिकलाबाईंनी चष्मा पुसला, पान खिडकीपाशी धरलं,
बोट पाटीवरून नेलं, उतारावरून नेलं,
फुग्याच्या कडेशी आणून थांबवलं,
जिथून एक हात बाहेर आलाय.
बराच वेळ.

"नळ बरोबर आलाय," म्हणाल्या.